अप्पाचा नंबर बंद

अपेक्षाच्या परीक्षेची तारीख आली आन् आमच्या घरात तोंड उघडायची बंदी झाली.

परीक्षा कागद-पेनाची न्हवती. पुण्याच्या एका कंपनीची, लॅपटॉपवरची, घरी बसून द्यायची. अपेक्षा माझी धाकटी बहीण. अंबाजोगाईला कॉम्प्युटरचं शिकून तीन वर्षं झाली, घरीच होती. घरी म्हणजे आमच्या किराणा दुकानात, तराजूपाशी. सतरा ठिकाणी अर्ज केले, त्यात ह्या एका ठिकाणी दोन चाळण्या पार झाल्या. ही तिसरी, शेवटची. आन् अप्पांनी शब्द दिलता.

"ही एक दे. लागली तर मी सोता तुला पुण्याला सोडून येतो. न्हाई लागली तर मग उत्तरेश्वर म्हणतो ते वडवणीचं स्थळ. त्यात मग खाडाखोड न्हाई."

उत्तरेश्वर म्हणजे आमचा मामा. त्यानं आणलेल्या पोराकडं जीप होती. म्हणजे जीप बापाची होती, पोराला फक्त तिच्यात बसायला येत होतं.

आता लॅपटॉप होता, पर नेट? आमचं गाव युसूफ वडगावापासून चार किलोमीटर आत, आन् नेटची रेंज आमच्यापासून बारा फूट वर. गच्चीवर पाण्याची काळी टाकी हाय, तिच्या झाकणावर फोन ठेवला तर चार काड्या येतेत. खाली उतरलं की एक. घरात आलं की फोनचा नुसता आरसा होतो. आन् लॅपटॉप गच्चीवर न्यावा तर मे महिन्याच्या उन्हात त्याच्यावर अक्षर दिसत न्हाई, आन् कंपनीचा नियम असा की परीक्षा बंद खोलीत, भिंतीला पाठ लावून द्यायची.

मग अपेक्षानं मला दोन दिवस शिकवलं. फोन वर टाकीवर ठेवायचा, त्याचा हॉटस्पॉट चालू करायचा आन् ते नेट खाली मधल्या खोलीत लॅपटॉपला पकडायचं. माझा फोन हॉटस्पॉट लावला की दहा मिनिटात पापड भाजंल इतका तापायचा आन् आपोआप बंद पडायचा. म्हणून अप्पाचा फोन घ्यायचं ठरलं. त्याच्यात दोन सिम. एक नेटचं. दुसरं दुकानाचं, अठरा वर्षापासूनचं, सगळ्या सोयऱ्याधायऱ्याच्या तोंडपाठ असलेलं.

मेख तिथंच होती. दुकानाच्या सिमवर फोन आला की नेटचं सिम गप व्हायचं. तिकडं वाजतंय तवर इकडं लॅपटॉप आंधळा.

"अप्पा, दोन तास दुकानाचं सिम बंद ठेवू," अपेक्षा म्हणली.

अप्पाच्या हातातली शेंगदाण्याची पुडी तिथंच ऱ्हायली. "अठरा वर्षात हा नंबर एकदाबी बंद लागला न्हाई. बंद लागला की लोक काय म्हणतेत ठावं हाय का? वैजिनाथ संपला म्हणतेत."

"दोनच तास, अप्पा."

"माणूस संपायला दोन मिनिटं लागतेत, बाई."

"मग फोन आला तर योगीदादा कट करील."

"पाव्हण्याचा फोन कट? त्यापरीस शिवी द्यावी. शिवी माणूस इसरतो."

शेवटी ठरलं असं की फोन मुका करून ठेवायचा, अकरा ते एकमधी कुणी करतच न्हाई. हे ठरवणाऱ्या अप्पांनीच आठ दिवसापासून तेल न्यायला आलेल्या, साखर न्यायला आलेल्या, नुसती चौकशी करायला आलेल्या परतेक माणसाला सांगितलतं, "सोमवारी अकराला आमच्या अपेक्षाची परीक्षा हाय बरं का. ध्यानात ठिवा."

लोकांनी ध्यानात ठिवलं.

आदल्या दिवशी जेवताना अपेक्षानं नियम वाचून दाखवले. तीनदा नेट तुटलं की परीक्षा बंद. खोलीत आवाज आला की इशारा. कॅमेऱ्यात तिच्याबिगर दुसरं तोंड दिसलं, नायतर ती खुर्चीवरनं उठली, की तिथल्या तिथं बंद.

"शिंक आली तर?" आईनं इचारलं.

"आई, तू दाराबाहेर बस. कुणाला आत येऊ देऊ नको. आन् बोलू नको, माईक चालू असतो."

आईनं ते असं मनावर घेतलं की सोमवारी उठल्यापासून तिनं मौनच धरलं. दूधवाल्याशीबी हातवारे. अप्पांनी दुकानाचं शटर ओढलं, म्हणजे गिऱ्हाईकाचा गोंधळ नको, आन् फोन माझ्या हातात देऊन सकाळच्या एस्टीनं केजला माल आणायला गेले. जन्मात पहिल्यांदा फोनाबिगर गेले. जाताना तीनदा खिसा चाचपला.

पावणेअकराला मी टाकीवर चढलो. डोक्याला ओला पांढरा पंचा, हातात छत्री, छत्रीखाली फोन. हॉटस्पॉट लागला, खाली लॅपटॉपनं पकडला, चार काड्या. सगळं कसं देवानं हातानं जुळवून दिल्यासारखं.

तेवढ्यात खालून अपेक्षाचा आवाज आला, "दादा! कॅमेऱ्यात धुकं दिसतंय!"

मी धावत खाली. लॅपटॉपवर तिचं तोंड न्हवतंच, नुसता पांढरा ढग. खाली लिहिलेलं, चेहरा ओळखता येत नाही. दारात आई उभी, तिची तीन बोटं पांढरी. नव्या वस्तूला इभूती लावल्याबिगर आमच्या घरात ती वापरत न्हाईत. तिजोरी, फ्रिज, माझी मोटारसायकल, सगळ्याला लावलेली. आन् लॅपटॉपचं कपाळ कुठं? वर, मधोमध. जिथं कॅमेरा असतो तिथंच आईनं तीन बोटं ओढली होती, चांगली दाबून.

"आई, अगं काय केलंस!"

आईनं हात जोडले. मौन होतं ना. मग पदरानं इभूती पुसायला लागली, तर ती त्या बारक्या भोकात अजून बसली. शेवटी अपेक्षानं फुंकर मारून, टिकलीच्या पाकिटानं खरडून ती काढली. अकराला दोन मिनिटं कमी होती. तिनं खुर्ची भिंतीला लावली.

"होतंय, अपू," मी म्हणलो. "मी हाय की वर."

हे वाक्य मला अजून झोपू देत न्हाई.

अकरा वाजून चार मिनिटांनी पहिला फोन आला. मामा. मी गडबडलो, कट करायला उशीर झाला. खाली लॅपटॉपचं नेट जाऊन आलं. एक गेली. मामानं परत केला. नाव दिसल्याबरोबर कट, नेट टिकलं. तिसऱ्यांदा आला तवा मला वाटलं, उचलून एकदाचं सांगावं, म्हणजे थांबंल. मी उचलला.

"मामा, फोन करू नका, अपूचं—"

"योग्या, बोलू नको, नुसतं ऐक. मी महादेवाच्या देवळात हाय. अपेक्षासाठी अभिषेक लावलाय. घंटा ऐकव तिला."

आन् त्यानं फोन घंटेपाशी धरला. तिकडं घंटा, टाळ, चार म्हातारे. मी ठेवला, तर त्यानं परत लावला, कारण आरती अर्धी ऱ्हायलती. ह्या सगळ्यात नेट दुसऱ्यांदा तुटलं. गच्चीच्या कठड्यावरनं वाकून खिडकीतनं बघितलं तर अपेक्षानं मान वर न करता दोन बोटं दाखवली. दोन गेल्या. आता एकच.

स्क्रीनवर परत नाव झळकलं. वडगावची आत्या. तीबी झटक्यात कट. तिच्या मागं कोण, त्याच्या मागं कोण, आठ दिवस ध्यानात ठिवलेली सगळी माणसं. त्या दिवशी मला कळलं, आपलं भलं चितणारी माणसं लई झाली की माणूस कशानं मरतो ते.

मी सेटिंगमधी गेलो. अप्पाचं तोंड डोळ्यापुढं आलं. डोळे मिटले आन् दुकानाचं सिम बंद केलं.

काय शांतता पसरली म्हणून सांगू. पाच मिनिटं, दहा, अर्धा तास. चार काड्या हलल्या न्हाईत. कठड्यावरनं वाकलं की खिडकीतनं अपेक्षाची बोटं चालताना दिसायची. एकदा ती स्वतःशीच हसलीबी. मी छत्रीत बसून मनातल्या मनात पुण्यात तिच्यासाठी खोली बघत होतो.

तिकडं वडवणीला मामा हिशोब जुळवत होता. पहिले फोन कट केले. मग योग्यानं उचलला तर आवाज रडका. मग मधीच ठेवला. आन् आता अठरा वर्षात पहिल्यांदा दाजीचा नंबर बंद. मामानं आमच्या शेजारच्या बबिताकाकूला फोन लावला, "जरा बघून या बरं, दाजीचं काय?"

बबिताकाकू भाकरी टाकून आली. दुकानाचं शटर खाली. सोमवारी, बाजाराच्या दिवशी. दारात आमची आई जमिनीवर बसलेली, पदराचा बोळा तोंडात, म्हणजे चुकून आवाज निघू नये. डोळ्यात पाणी, कारण लेकीची काळजी.

"काय झालं, वैनी?"

आईनं मान हलवली. न्हाई, बोलायचं न्हाई.

"भाऊजी कुठं हायेत?"

आईनं हात वर करून लांब दाखवला. तिच्या मनात केज होतं. काकूनं आभाळ धरलं.

मी वरनं सगळं बघत होतो. ओरडता येत न्हवतं, खाली माईक चालू. मी उभा ऱ्हाऊन दोन्ही हात हलवले, जा, जा म्हणून. डोक्याला पांढरा पंचा, तोंडावर घाम गळतोय, टाकीवर उभा राहून हात फेकतोय. काकूनं वर बघितलं आन् पदर डोळ्याला लावला. "लेकरू खुळं झालं गं दुःखानं," असं ती गल्लीत सांगत गेली.

बारा वाजेपर्यंत आमच्या अंगणात वीस माणसं गोळा झाली. गडी टोप्या काढून भिंतीला टेकले. बायका पिठलं-भाकरी घेऊन आल्या, कारण मयताच्या घरात चूल पेटत न्हाई. एक गोष्ट मान्य करावी लागंल, सगळी शांत होती. आमच्याकडं प्रेत यायचं असलं तर लोक मोठ्यानं बोलत न्हाईत. प्रेत केजच्या दवाखान्यातनं यायचंय असं त्यांनी आपसात ठरवून टाकलतं. मला वाटलं, बसू दे बापडे. गप बसलेत ना. एक वाजेस्तोवर असंच मेलेलं ऱ्हाऊ दे अप्पाला.

पावणेएकला जीप आली.

मामा आदूगर उतरला, आन् उतरतानाच त्यानं हंबरडा फोडला, "दाजी! मला सोडून कसं गेलाव!" त्याच्या मागं एक जाडजूड पाव्हणा, रामेश्वर. पोराचा बाप, जीपचा मालक. मामाला गाडी मिळंना म्हणून त्यानं होणाऱ्या व्याह्याचीच जीप काढायला लावलती.

मामाच्या हंबरड्यानं अंगणाचा बांध फुटला. पाऊण तास दाबून धरलेलं सगळ्या बायकांचं रडणं एकदम बाहेर आलं. बबिताकाकू आईच्या गळ्यात पडली आन् तिच्या कपाळाचं कुंकू पुसायला हात घातला. तवा आईचं मौन सुटलं.

"अगं जित्ता हाय माझा नवरा! हात तोड तुझा!"

पर तवर चौघीजणी दार ढकलून आत गेलत्या. मी टाकीवरनं उडीच मारली. दारात पोचलो तवा बबिताकाकूची जाऊ अपेक्षाला कवटाळून म्हणत होती, "पोरी, बाप गेला गं तुझा!"

अपेक्षा खुर्चीवरनं उठली.

तिला कुणी काय सांगितलं न्हवतं. पावणेदोन तास ती त्या खोलीत होती. तिला वाटलं, खरंच. तिचं तोंड मी बघितलंय. ती "अप्पा" म्हणून एवढ्या मोठ्यानं ओरडली की बाहेरची सगळी एकदम गप झाली, कारण त्यांनाबी वाटलं, आता खरं.

"अपू, अप्पा केजला गेलेत. मालाला. काय झालं न्हाई, अपू."

ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. मग मागं वळून लॅपटॉपकडं बघितलं. तिथं एकच ओळ होती, परीक्षा बंद करण्यात आली आहे. खाली तेरा मिनिटं शिल्लक दाखवत होतं. नेट एकदम झकास चाललं होतं.

अप्पा बरोबर तवाच रिक्षानं आले. साखरेचं पोतं, चार डबे तेल. लांबूनच दारातली गर्दी, उघडी डोकी बघितली आन् पोतं सोडून पळत सुटले.

"कोण गेलं? कोण गेलं रं? महानंदा?" असं आईचं नाव घेत ते उंबऱ्यातच बसून रडायला लागले.

त्यांना कुणी काय सांगंना. ज्याच्या मयतीला आलो तोच इचारतोय कोण गेलं, ह्याचं उत्तर कुणाजवळ असणार? शेवटी मामानं त्यांचे दोन्ही खांदे धरले, वरनं खालपर्यंत न्याहाळलं आन् म्हणला, "तुमीच गेलते, दाजी."

मग हसणं सुरू झालं. लई हसली माणसं. जित्त्या माणसाची मेल्याची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं, हे आमच्याकडं लहान पोराला माहीत असतं. म्हणजे दिवस शुभ निघाला. जो तो अप्पांना हात लावून बघत होता.

मधल्या खोलीत फक्त अपेक्षा लॅपटॉपवर टाईप करत होती. कंपनीच्या मदतीच्या खिडकीत तिनं सगळं खरं लिहिलं. नातेवाईकांना वाटलं वडील वारले, म्हणून ते आत आले, माझी चूक न्हाई, तेराच मिनिटं ऱ्हायली होती. दहा मिनिटांनी उत्तर आलं. तिनं ते मला वाचायला दिलं.

आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. कुटुंबात मृत्यू झाला असल्यास सात दिवसांत मृत्यूचा दाखला जोडावा, परीक्षा पुन्हा घेता येईल. इतर कारणं ग्राह्य धरली जाणार नाहीत.

मी ते अप्पांना सांगितलं. हसणारी माणसं हळूहळू थांबली. अप्पांनी चष्मा काढून पुसला.

"एवढंच ना? मग जोडू की दाखला."

"कुणाचा?"

"माझा. ग्रामसेवक आपल्याच दुकानातनं चहापत्ती नेतो. न्हाई म्हणायचा न्हाई. एवढी माणसं आलीतच, साक्षीला काय कमी?"

थट्टा न्हवती. मी अप्पांना ओळखतो. गिऱ्हाईकाला वजन सांगतेत त्याच आवाजात म्हणत होते.

"अभद्र बोलू नका!" आई कडाडली.

रामेश्वर पाव्हण्यानं घसा खाकरला. "बापाचं सुतक आलं की लग्न वर्षाच्या आत उरकावं लागतं, न्हाईतर तीन वर्षं थांबा. आमाला थांबणं जमणार न्हाई. आदीच सांगतो."

मागं भिंतीला टेकून म्हाळू उभा होता. म्हाळू आमच्या गावचा, तीन वर्षांपूर्वी कुण्या कारकुनानं त्याला चुकून कागदावर मारलं होतं. तवापासून तो आपण जिवंत असल्याचा अर्ज घेऊन हिंडतोय. तो पुढं आला.

"अप्पा, नका मरू," म्हणला. "जायला एक सही लागती. परत यायला लई कागद लागतेत. माझं राशन अजून बंद हाय. बायकोला विधवेची पगार द्यायला तयार हायेत, पर मला गहू देत न्हाईत."



अप्पा अपेक्षाकडं बघत होते. "तू सांग, बाई. तू म्हणशील तर मरतो मी. हे म्हणतेत म्हणून नको ऐकू."

खोलीच्या दारात ती उभी होती. माझ्या मनात आलं, हो म्हण, अपू. एकदा हो म्हण. कागदावर बाप मारायला काय जातं? पर मघाशीच तिनं तो खरा मेलेला बघितलाय, हे मी इसरलोतो.

"न्हाई, अप्पा," ती म्हणली. "तुमी हायेत तेच बरं हाय."

एवढं बोलून तिनं लॅपटॉप मिटला.

मामाला तर पाहिजेच होतं, परीक्षा गेली म्हणजे आता वडवणीचं स्थळ. सोयरे जमलेले, व्याही दारात, आयुष्य वाढलेला माणूस समोर, असा मुहूर्त पंचांगातबी निघत न्हाई. बबिताकाकूनं ज्या हातानं कुंकू पुसायला घेतलं, त्याच हातानं हळदी-कुंकवाचं ताट भरलं. पोरगा आला न्हवता. त्याच्या बदली जीपला हार घातला. सुपारी फुटली. अप्पांनी ती फोडताना मान वर केली न्हाई. शब्द दिलता ना.

मग जेवणाचा प्रश्न आला. चाळीस माणूस. घरात चूल पेटलीच न्हवती. बायकांनी आणलेलं पिठलं-भाकरी मात्र ढीगभर, आन् मयताच्या घरी नेलेलं अन्न माघारी नेत न्हाईत. तेच वाढायचं ठरलं. अपेक्षानं डोक्यावरनं पदर घेतला आन् पंगतीत वाढायला लागली. मी पाणी वाढत तिच्या मागं. तिच्याकडं बघायची माझी छाती होईना.

रामेश्वर पाव्हण्यानं पिठलं दोनदा मागून घेतलं. बोटं चाटून अप्पांकडं बघत म्हणला, "व्याही, पोरीच्या हाताला चव हाय बरं का."

 अपेक्षानं वाकून त्याच्या ताटात अजून एक पळी घातली.